राजवाड्याच्या पुढे: सिंदखेडराजा, लोणार, मेहकर

सिंदखेडराजाला गाडी थांबते ती राजवाड्याच्या दरवाजासमोर. जिजाऊंच्या जन्मस्थळी हात जोडले जातात, दरवाजाखाली अख्ख्या कुटुंबाचा एक फोटो निघतो, समोरच्या टपरीवर चहा होतो आणि गाडी पुढे लागते. मध्ये लोणार ‘करायचं’ असतं आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत शेगाव गाठायचं असतं. रात्री भक्तनिवासात पाठ टेकताना तिन्ही ठिकाणं झाल्याचं समाधान असतं. बुलढाणा जिल्ह्याची ही वर्षानुवर्षांची ठरलेली सहल. दर्शनाला म्हणून ती उत्तमच आहे. पण या वाटेवरची गावं बघायची असतील, तर या सहलीत जवळजवळ काहीच बघून होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिंदखेडराजात राजवाडा हा पाहण्याचा पहिला टप्पा आहे. लोणारला येणारे बरेच जण सरोवराच्या काठावरूनच परततात. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाचं छत मान वर करून बघणारे थोडे. मेहकरला तर कोणी थांबतच नाही. या तीन गावांना मिळून दोन मुक्काम द्यावेत. त्यातला निदान एक लोणारला करावा. आणि गावात शिरलं की गाडी एका जागी उभी करून पायी फिरावं.

पायी फिरण्याची गोष्ट काढली, कारण जगात इतिहासाच्या जिवावर चालणारी छोटी शहरं नेमकं हेच करून घेतात. आयर्लंडमधलं किल्केनी घ्या. आपल्या तालुक्याच्या गावाएवढं शहर. एका टोकाला नदीकाठचा किल्ला, दुसऱ्या टोकाला सेंट कॅनिसचं मध्ययुगीन कॅथेड्रल आणि मध्ये सुमारे मैलभराची जुनी वस्ती. या पट्ट्याला त्यांनी ‘मिडीव्हल माइल’ असं नाव दिलं आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना तेवढा एक मैल चालायला लावला. वॉटरफर्ड हे शहर इ. स. ९१४ मध्ये व्हायकिंगांनी वसवलं. तिथेही जुन्या शहराचा एक लहानसा त्रिकोण आखून त्यातच संग्रहालयं बसवली आहेत. उत्तरेकडच्या डेरीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या तटावरून पूर्ण फेरी मारता येते. सगळी मिळून दीड किलोमीटर. यातलं काहीही आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. सिंदखेडराजातल्या वास्तूही एकमेकींपासून अशाच चालण्याच्या अंतरावर आहेत. तिथे आखलेली वाट आहे, इथे ती पाहुण्यालाच विचारत विचारत शोधावी लागते.

आधी जिल्ह्याची ठेवण समजून घेऊ, म्हणजे प्रवासाचा क्रम आपोआप लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. इथली माणसं ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असंच बोलतात. घाटाखाली पूर्णेचं काळं, सपाट खोरं: मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद. कापूस, रेल्वे आणि बाजारपेठा या बाजूला. घाटावर पठार: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. रेल्वे या बाजूला आलीच नाही. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी ब्रिटिश काळापासून चालू आहे. जुनी देवळं, वाडे आणि बारवा मात्र घाटावरच जास्त आहेत. दौलताबाद आणि बुऱ्हाणपूर या दोन सत्ताकेंद्रांमधला हा मुलूख. फौजांची ये-जा कायमची. घाटाच्या तोंडाशी असलेल्या रोहिणखेडला पंधराव्या आणि सोळाव्या शतकात दोन मोठ्या लढाया झाल्या. तिथली खुदावंतखानाची दगडी मशीद १५८२ची आहे.

सिंदखेडराजाला जालन्याकडून यावं. जालना स्टेशनपासून गाव तीसेक किलोमीटर आहे, एसटी मिळते, आणि मुंबईहून वंदे भारत झाल्यापासून जालन्याला पोचणंही सोपं झालं आहे. लखुजी जाधवराव हे इथले देशमुख आणि निजामशाहीतले बडे सरदार. त्यांची लेक जिजाऊ १२ जानेवारी १५९८ रोजी इथे जन्मली. म्हणून दर १२ जानेवारीला गावात महाराष्ट्रभरातून माणूस लोटतो. तो सोहळा एकदा जरूर अनुभवावा, पण वास्तू बघायच्या असतील तर तो दिवस टाळावा. त्या दिवशी भिंतीला पाठ लावून उभं राहायलाही जागा मिळत नाही.

राजवाडा पाहून बाहेर पडलात की रंगमहाल विचारा. रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या शहाजी आणि जिजाऊंनी एकमेकांवर रंग उडवला आणि लखुजी थट्टेत ‘जोडा छान शोभतो’ म्हणाले, ही बखरीतली गोष्ट गावाने या वास्तूशी जोडली आहे. बखरीला पुरावा म्हणून किती मानायचं हा इतिहासकारांचा प्रश्न. गाव मात्र रंगपंचमी मनापासून साजरी करतं. पुढे काळा कोट लागतो. त्याच्या भिंतींची जाडी बघितली की हे बांधकाम कोणाच्या धास्तीने आरंभलं असेल, असा प्रश्न पडतो. नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही देवळं जाधवांच्याही आधीच्या काळाची साक्ष देतात.

मला स्वतःला या गावात सर्वांत मोलाचं वाटतं ते इथलं पाणी. मोती तलावाचा बांध लांबून बघितला तर किल्ल्याचा तट वाटावा असा आहे. चांदणी तलावाच्या मध्यभागी मजल्यांची इमारत उभी केली आहे. पाणी चढेल तसे खालचे मजले बुडत जावेत, अशी योजना. सजना बारव आणि पुतळा बारव या दोन पायऱ्यांच्या विहिरी वेगळ्याच. पुतळा बारवेचं नाव तिच्या भिंतींतल्या मूर्तींवरून पडलं आहे. पायऱ्या उतरत गेलं की उजव्या-डाव्या हाताला दगडातली माणसं, जनावरं, देवता भेटत राहतात, आणि उतरणाऱ्याची चाल आपोआप मंद होते. दुपारी बाराच्या सुमाराला उन्हाची तिरीप खालच्या थरापर्यंत जाते. कोरीवकाम तेव्हा नीट दिसतं. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या पठारावर एका देशमुखी घराण्याने पाण्यावर एवढा पैसा आणि एवढी कला खर्च केली, ही गोष्ट राजवाड्याच्या उंच दरवाजापेक्षा जास्त सांगून जाते.

आणि मग लखुजींची समाधी. जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, लखुजींना दगा देऊन मारण्यात आलं. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातूही मारला गेला. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत, आणि त्यांच्या कर्त्या पुरुषाचा अंत झाला तो त्याच देवगिरीवर. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, जिजाऊंच्या पोटी शिवनेरीवर शिवराय जन्मले. माहेरची तीन पिढ्यांतली माणसं एका दिवसात गमावलेली बाई ती. शिवचरित्रात ही घटना एखाद्या ओळीत उरकली जाते. समाधीच्या भव्य दगडी इमारतीसमोर उभं राहिलं की त्या ओळीचं वजन कळतं. कमानी सुलतानी वळणाच्या, कोरीवकामाचा हात देशी. त्या काळातल्या मराठा सरदाराचं जग असंच दुहेरी होतं.

याच समाधीच्या आवारात २०२४च्या उन्हाळ्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाचं जतनाचं काम चालू असताना जमिनीत घडवलेले दगड लागले. खणत गेल्यावर आधी एका शिवमंदिराचा पाया उघडा पडला आणि आणखी खाली, सव्वादोन मीटरच्या आसपास, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी १.७० मीटर, उंची सुमारे एक मीटर. विष्णू शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पाय चेपते आहे आणि पट्टीवर समुद्रमंथनाचा देखावा. विशेष म्हणजे मूर्तीचा दगड. वऱ्हाड-मराठवाड्यातल्या मूर्ती बहुतेक बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या. ही आहे क्लोराइट शिस्ट या मऊसर दगडाची, जो दक्षिणेकडच्या शिल्पकारांच्या हातातला. हा दगड किंवा ही घडवलेली मूर्ती इथवर आली ती कोणाबरोबर, याचा शोध घेण्यासारखा आहे. मूर्ती गावातच राहावी, असा आग्रह गावकऱ्यांनी धरला. तसाच आग्रह पुढे मेहकरला भेटणार आहे.

सिंदखेडराजाहून देऊळगावराजा पंधराएक किलोमीटर. तिथला बालाजी जाधव घराण्याच्या आश्रयाने वाढला. आश्विनातल्या यात्रेला सागवानाच्या प्रचंड लाटा (खांब) माणसांच्या हातांनी उभ्या करून मंडप घालतात. दिवाळीच्या आधी जात असाल तर ही वाकडी वाट करा, एरवी सोडली तरी चालेल.

मेहकरच्या दिशेला साखरखेर्डा आहे. बाहेरून आलेल्याला इथे थांबण्याचं कारण दिसणार नाही. पण हैदराबाद संस्थानचा जन्म या शिवारात झाला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्कने मुबारीझखान या दिल्लीधार्जिण्या सुभेदाराचा इथे पराभव केला. खान रणात पडला, निजामाने गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं आणि दख्खनेत तो दिल्लीपासून जवळजवळ मोकळा झाला. ही सत्ता पुढे १९४८पर्यंत टिकली. २०२४ साली या लढाईला तीनशे वर्षं झाली. एवढी मोठी घटना, पण ती आपल्या शिवारात घडल्याचं जिल्ह्याबाहेर किती जणांना ठाऊक असेल?

लोणारला संध्याकाळी पोचा. सरोवराच्या काठाजवळ पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, गावातही साध्या सोयी आहेत. संध्याकाळी काठावरून नुसतं बघायचं आणि उतरायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, हाच क्रम योग्य. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळ सुमारे १३७ मीटर खाली. उतरताना काही वाटत नाही. चढताना, तेही अकराच्या उन्हात, चांगलंच जाणवतं.

हे विवर उल्कापाताने झालं की ज्वालामुखीने, हा वाद दीडशे वर्षं चालला. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली होती. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने निकाल लावला: अतिप्रचंड आघाताखेरीज तयार होणार नाही असं काचेसारखं खनिज इथल्या खडकात सापडलं होतं. बेसाल्टमध्ये झालेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं आघात-विवर जगात दुर्मीळ. चंद्रावरच्या मैदानांचा खडकही बेसाल्टच, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार जवळचं. वयाचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं आणि अलीकडच्या आर्गॉन कालमापनाने सुमारे पाच लाख सत्तर हजार. दुसऱ्या आकड्याकडे आता अभ्यासकांचा कल आहे. वाटाडे आणि फलक पहिलाच सांगतात, ऐकून घ्यावं.

पाणी खारं आणि जोडीला चांगलंच अल्कधर्मी. सोबत चिमूटभर हळद ठेवा. तळव्यावर हळद घेऊन वर सरोवराच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की पिवळा रंग कुंकवासारखा लाल होतो. मुलांना शाळेतला लिटमस कागद जे शिकवत नाही ते हे दोन थेंब शिकवतात. इथल्या क्षारांची ख्याती जुनी आहे. ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये मेहकर सरकारची माहिती देताना लोणारच्या या मालाचा उल्लेख आहे, साबण आणि काच करायला तो लागे. जून २०२०मध्ये, टाळेबंदीत, पाणी अचानक गुलाबी झालं आणि देशभर बातमी गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं: क्षार वाढल्यावर फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं रामसर स्थळ. अलीकडे पाण्याची पातळी वाढली आहे, काठावरच्या काही देवळांच्या पायऱ्या पाण्यात गेल्या आहेत आणि पाण्याचा मूळ स्वभाव बदलतो की काय, अशी काळजी अभ्यासक बोलून दाखवतात. त्यामुळे सरोवराभोवतीची पूर्ण फेरी होईलच, असं धरून चालू नका. वन विभागाच्या चौकीवर विचारा. हे अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे, उजाडल्यावरच उतरा आणि वाटाड्या घ्या. कमळजा देवीचं देऊळ आतल्या देवळांत सर्वांत जागतं. वर काठाजवळच्या धारेला बारमाही गोडं पाणी. काठावर गोडं आणि तळात खारं, ही गंमत लोणारची.

विवर पाहून थकलात तरी दैत्यसूदनाचं देऊळ सोडू नका. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ, तलविन्यास अनेक कोनांचा, बाहेरच्या भिंतीवर मूर्तींची दाटी. मागच्या भिंतीवर सूर्याची मूर्ती असल्यामुळे हे मुळात सूर्यमंदिर असावं, असंही काही अभ्यासक मानतात. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं खाली बसा, मग मोबाइलचा उजेड छताकडे धरा. वर लवणासुराचा वध दिसेल, हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह दिसेल, कंसाला लोळवणारा कृष्ण दिसेल. हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या १९३१च्या ग्रंथात लोणार, सातगाव, कोथळी, धोत्रा ही बुलढाण्याचीच नावं लिहून ठेवली आहेत. ज्याला देवळांचं वेड आहे, त्याने कझिन्सच्या यादीवरून तिसरा दिवस आखावा. लोणारच्याच अंबर तळ्याजवळ आडवा पहुडलेला मोठा मारुती आहे. त्याच्या दगडाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. खिशात होकायंत्र असेल तर करून बघा.

मेहकर इथून पंचवीसेक किलोमीटर, पैनगंगेच्या काठी. ही नदी याच जिल्ह्यात मढच्या बुधनेश्वराजवळ उगम पावते. अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एका सरकारचं ठाणं होतं. आज इथे यायचं ते शारंगधर बालाजीसाठी. १८८८ मध्ये जमीन खणताना काळ्या पाषाणाची ही विष्णुमूर्ती निघाली; उंची सुमारे अकरा फूट. इंग्रज सरकार ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईने प्रतिष्ठापना उरकून टाकली, अशी हकिगत मेहकरात सांगतात. मूर्तीच्या प्रभावळीतलं काम इतकं बारीक आहे की दर्शनाची रांग पुढे सरकते आणि बघणं अर्धवट राहतं. गर्दी नसलेल्या वारी, दुपारच्या आधी जावं. गावात कांचनीच्या महालाचे अवशेष आहेत. कांचनी नावाच्या नर्तकीला लोणारच्या देवीचा दिवा दिसावा म्हणून हा महाल उंच बांधला, अशी दंतकथा. देवी विवराच्या तळाशी, विवराला चहूबाजूंनी काठ. तो दिवा मेहकरहून दिसणं भूमितीला मान्य नाही. पण ज्याने कोणी ही कथा रचली, त्याने दोन गावांना जोडणारी वाट मात्र अचूक हेरली. ‘शीळ’चे कवी ना. घ. देशपांडे सिंदखेडराजाला जन्मले आणि आयुष्यभर मेहकरलाच राहिले. १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तरी त्यांनी पुण्या-मुंबईची वाट धरली नाही.

इथून पुढे शेगावला जायचं असेल तर खामगावमार्गे जावं. शेगावबद्दल मी काय लिहावं? तिथली स्वच्छता आणि शिस्त सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कचोरी स्टेशनवरच खाऊन घ्यावी. खामगाव मात्र दुर्लक्षित. चांदीचा बाजार आणि कोजागरीपासून चालणारा मोठ्या देवीचा उत्सव ही त्याची आजची ओळख. पण एकेकाळी इथल्या कापसावर मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर होती. कापूस हलवण्यासाठी जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला. तेरा किलोमीटरचा तो फाटा अजून आहे. शिवाय बुलढाणा ते खामगाव या वाटेवर ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं आणि रस्ते ओलांडत २०१९च्या अखेरीस इथे येऊन पोचला होता.

गाडीने येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू आहे. सिंदखेडराजा आणि मेहकर या दोन्ही ठिकाणी उतरता येतं. दुचाकीला परवानगी नाही. आणि रात्रीचा प्रवास करू नका. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळच खासगी बस पेटून पंचवीस जण गेले. सरळसोट रस्ता आणि रात्र, दोन्ही मिळून डोळा लागतो. काळ कोणता? दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. पाऊस संपलेला असतो, बारवांत पाणी असतं, लोणारच्या विवरात आणि घाटात सुरुवातीला सीताफळं पिकलेली असतात. जेवायला ढाबे आहेत, पण गावातल्या साध्या खानावळीत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत मागा. बहुतेक ठिकाणी मिळतं.

एक मागणी सिंदखेडराजा आणि लोणारच्या नगरपरिषदांकडे. गावातल्या वास्तूंचा पायी फिरण्याचा एक पानी नकाशा छापा, प्रत्येक वळणावर बाण लावा आणि बारवांजवळ चार ओळींचा फलक उभा करा. याला कोटींचा आराखडा लागत नाही. आणि ते होईपर्यंत वाचकांनी राजवाड्यासमोरच्या टपरीवाल्याला पुतळा बारवेची वाट विचारावी. तिकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली की बाणही लागतील.